दाबायची जमीन, जगवायची जमीन

सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर, मुळशी-वेल्ह्यापासून माणगाव-महाडपर्यंत आणि खाली दापोली-संगमेश्वरापर्यंत, एक-दोन एकर जमिनीवर स्वतःचं घर, विहीर, तळं आणि बाग उभी करू पाहणारी माणसं आज पुष्कळ दिसतात. सातबारा नावावर झाला, मोजणी झाली, कुंपणाचे खांब रोवून झाले, की पहिला मोठा प्रश्न यंत्राचा येतो. जेसीबी बोलवायचा की पोकलेन? ट्रॅक्टर विकत घ्यावा का? काम एवढं आहे, तर एखादा जुना जेसीबीच घेऊन टाकला तर? उत्तरं अश्वशक्ती, बकेटचं माप आणि ताशी दर यांत शोधली जातात. ही मापं कामाची आहेत, पण ती दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीवर जमिनीचे दोन भाग पाडावे लागतात. रस्ता, घराचं जोतं, तळ्याचा बांध ही दाबायची जमीन. तिथं यंत्राचं वजन हा गुण आहे. बाग, भाजीचा तुकडा, गवताचा पट्टा, ओढ्याकाठची झाडी ही जगवायची जमीन. तिथं तेच वजन दोष ठरतं. कुठलं यंत्र चांगलं, हे या दोन भागांची रेघ आखल्याशिवाय सांगता येत नाही. ही रेघ न आखता यंत्र आत घेतलं, तर जे दाबायला हवं ते पोकळ राहतं आणि जे जगवायला हवं ते दाबलं जातं.

वजन मातीचं काय करतं, ते आधी पाहू. जिवंत मातीचा जवळपास अर्धा भाग पोकळीचा असतो. त्या पोकळीतून पाणी मुरतं, हवा खेळते, मुळं वाट काढतात. गावोगावी दिसणारा चार चाकांचा जेसीबी साधारण साडेसात टनांचा. साखळीपट्ट्यावर चालणारा मध्यम पोकलेन वीस टनांच्या आसपास. वीस टनांचं धूड जमीन जास्त बिघडवेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात पोकलेनचा भार रुंद पट्ट्यांवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास येतो. टायरखाली मात्र टायरमधल्या हवेच्या दाबाएवढाच दाब मातीवर पडतो, म्हणजे कितीतरी अधिक. वरच्या वीतभर थराचं नुकसान चाकांचं यंत्र जास्त करतं. पण खोलवरचा थर यंत्राच्या एकूण वजनानं दबतो, आणि पोकलेन जागच्या जागी वळला की वरची माती सोलून निघते. म्हणजे एक यंत्र निर्दोष आणि दुसरं सदोष असा प्रकार नाही. शिवाय बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. नंतरच्या फेऱ्या त्यात थोडी थोडी भर घालतात. यातून निघणारा नियम सोपा आहे. यंत्र कुठलंही असो, त्याची वाट एकच असावी. दहा वाटांनी एकेकदा फिरलेलं यंत्र एकाच वाटेनं दहादा फिरलेल्या यंत्रापेक्षा कितीतरी जास्त जमीन मारतं.

मातीच्या जातीनंही इथं फरक पडतो. देशावरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि या दरवर्षीच्या हालचालीत दबलेला थर थोडाफार मोकळा होतो. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या तांबड्या, जांभ्याच्या मातीत ही फुगण्या-आटण्याची शक्ती फारच कमी असते, म्हणून तिथला खोलवरचा दाब वर्षानुवर्षं तसाच राहतो. त्यात पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटरचा. जे पाणी मुरायचं ते दबलेल्या मातीवरून वाहू लागतं आणि वरचा कस घेऊन जातं. वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालायचं नाही, हा शेतकऱ्यांचा नियम औताइतकाच जेसीबीला लागू आहे. ओल्या मातीवर फिरवलेलं यंत्र एका दुपारी जे नुकसान करतं, ते कुदळ-फावड्यानं भरून काढायला काही हंगाम जातात.

आता दाबायच्या जमिनीकडे वळू, कारण इथं उलट चूक होते. जोत्यात भरणी करायची असते तेव्हा जेसीबीवाला मुरमाचा ढीग आत लोटतो, त्यावरून दोन-तीन फेऱ्या मारतो, आणि ‘यंत्रानं दाबली’ म्हणून भरणी पक्की मानली जाते. मीटरभर जाडीच्या ढिगाचा वरचा थर तेवढा दबतो; खालचा पोकळच राहतो. पुढे एक-दोन पावसाळ्यांत तो बसतो, फरशी खचते, भिंतीला तिरकी चीर जाते. भरणीचं शास्त्र जुनंच आहे: पंधरा-वीस सेंटिमीटरचा थर, त्यावर मातीला मानवेल एवढं पाणी, मग धुमस किंवा कंप देणारा रोलर, आणि तो थर घट्ट झाल्यावरच पुढचा. इथं गरज खोदणाऱ्या यंत्राची नसून दाबणाऱ्या यंत्राची असते, आणि नेमकं तेच यादीतून सुटतं. दिवसाच्या भाड्यानं मिळणारा छोटा रोलर किंवा इंजिनावर चालणारा धुमस हे घर बांधणाऱ्याचं सर्वांत दुर्लक्षित यंत्र आहे. तळ्याच्या बांधाचंही तसंच. नुसती माती लोटून केलेला बांध पाणी अडवत नाही, ते हळूहळू सोडून देतो, आणि कधी तरी एका रात्री एकदम सोडतो.

तळ्याचा हिशेब मांडला की मोठ्या यंत्राची बाजूही न्यायानं मांडता येते. वीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, तीन मीटर खोल आणि बाजू एकास एक उताराच्या, असं शेततळं घेतलं तर खोदाई सुमारे ८७५ घनमीटर भरते. बांधकामाच्या भाषेत तीनशे ब्रासच्या वर. एका माणसानं मऊ मुरमात दिवसाला दोन घनमीटर खणून बाहेर टाकले, तर हे काम चारशेहून अधिक मनुष्यदिवसांचं. जेसीबीची मागची बकेट पाव घनमीटरच्या आसपास. ताशी पंचवीस घनमीटर धरले तर पस्तीस तास लागतात. पोकलेनची बकेट सुमारे एक घनमीटर. त्याला दहा-बारा तास पुरतात. इथं पोकलेन निवडण्यात संकोच कसला? तो एका जागी उभा राहून खोदतो, त्याची वाट एकच, दिवस दोन. ट्रेलरवर आणण्या-नेण्याचं भाडं धरूनही मोठी खोदाई त्याच्याकडून स्वस्त पडू शकते आणि जमिनीवरची वर्दळ कमी होते. पण याच हिशेबाची दुसरी बाजू क्वचित कुणी मांडतं. खोदलेला मुरूम मोकळा झाला की निदान पावपट फुगतो. ८७५ घनमीटरचे अकराशे घनमीटर होतात, आणि ते एका एकरावर सरसकट पसरले तर वीतभराहून जाड थर होतो. म्हणजे तळ्याच्या उत्साहात एकरभर सुपीक माती नापीक मुरमाखाली गाडली जाऊ शकते. म्हणून यंत्र येण्याआधीच तीन गोष्टी ठरलेल्या हव्यात: वरची काळपट माती कुठं वेगळी रचायची, मुरूम बांधाला किती आणि रस्त्याला किती, आणि उरलेला कुठं जाणार. ही उत्तरं नसतील, तर यंत्र कितीही चांगलं असो, ते बोलावण्याची वेळ आलेली नाही.

घराच्या जागेबाबत मात्र माझा आग्रह वेगळा आहे. तिथं यंत्राची निवड कागदावर, आराखड्याच्या रेघेतच होऊन जाते. समजा, उतार पाचास एक आहे, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की जमीन एक मीटर चढते. त्यावर बारा बाय बारा मीटरचा सपाट चौथरा कापायचा, तर मागच्या बाजूला २.४ मीटर उंचीचा कडा उभा राहतो आणि सुमारे १७३ घनमीटर डोंगर काढावा लागतो. तेवढ्याच क्षेत्राचं घर उताराला आडवं, सहा मीटर रुंद आणि चोवीस मीटर लांब आखलं, तर मागचा कडा १.२ मीटरचा होतो आणि खोदाई ८६ घनमीटरवर, म्हणजे निम्म्यावर येते. फरक केवळ डिझेलचा नाही. सव्वा मीटरचा कडा स्थानिक गवंड्यांनी रचलेला दगडी गडगा सांभाळू शकतो, पाठीमागून पाणी निघायची सोय असली तर. अडीच मीटरच्या कड्याला अभियंत्यानं आखलेली आधारभिंत लागते, तिला पाया, लोखंड, काँक्रीट, आणि ते वाहून आणणारी आणखी मोठी वाहनं. केरळमध्ये दीर्घकाळ स्वस्त आणि सुंदर घरं बांधणारे वास्तुविशारद लॉरी बेकर उताराच्या जागेवर घर समपातळी रेषेला धरून आखण्याचा सल्ला देत, तो याच हिशेबानं. घराची रुंदी कमी केली, किंवा दोन पायऱ्यांवर दोन भाग बसवले, की पोकलेनचं काम जेसीबीवर येतं आणि जेसीबीचं काही काम चार माणसांवर. सर्वांत स्वस्त यंत्र म्हणजे जे लागलंच नाही ते.

उतार कापण्याचा प्रश्न पैशाच्याही पलीकडचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराखाली गाडलं गेलं आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. मुख्य कारण अतिवृष्टीचं; पण त्यानंतर उतारांवर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाची चर्चा सार्वजनिकरीत्या झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. एकट्या घराच्या चौथऱ्यानं डोंगर कोसळतो, असं मी म्हणत नाही. मात्र उताराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, सुटी माती उतारावर ढकलली की खालच्या जमिनीवर भार येतो, आणि पाण्याची जुनी वाट बुजली की ते नवी वाट शोधतं. या तिन्ही गोष्टी एक जेसीबी एका दिवसात करू शकतो. हाताच्या खोदाईत एक उपजत ब्रेक होता: काम सावकाश चालायचं, झरा लागला, खडक बदलला, माती ओघळू लागली, तर थांबून विचार करायला वेळ मिळायचा. यंत्रानं तो वेळ काढून घेतला आहे. तो परत मिळवायचा, तर विचार यंत्राच्या आधी पूर्ण करावा लागतो. एक पावसाळा जमीन नुसती पाहणं, पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठं निघतं हे टिपणं, पाणलोटाच्या कामात वापरतात तो हायड्रोमार्कर किंवा साधी ए-फ्रेम घेऊन समपातळी रेषा आखणं, आणि मग फक्कीनं खुणा करणं, हा यंत्रनिवडीचाच भाग आहे.

घर कशाचं बांधायचं, यावरही यंत्रांची पुढची साखळी ठरते. तयार काँक्रीट आणणारा सहा घनमीटरचा मिक्सर भरला की पंचवीस टनांच्या आसपास जातो. तो दारापर्यंत यावा, तर रस्ता रुंद, वळणं मोठी, पोट भक्कम आणि मोऱ्या मजबूत हव्यात. बोअरवेलची गाडीही अशीच अवजड. मग घरापेक्षा रस्त्यालाच अधिक डोंगर कापला जातो, आणि चार महिन्यांच्या बांधकामासाठी केलेला तो रस्ता पुढे कायम पावसाळी ओढ्यासारखा वाहतो. चिरा, वीट, गावातला दगड आणि एका पोत्याचा मिक्सर यांवर घर बेतलं, तर माल ट्रॅक्टर-ट्रॉलीनं किंवा छोट्या टेम्पोनं येतो आणि तीन मीटरची वाट पुरते. जिथं घर मोठं आहे किंवा भूकंप आणि उतार यांमुळे काँक्रीटची चौकट हवीच, तिथं ती असावी; सुरक्षिततेत कपात नको. पण चौकटीलाही जागेवर मिसळलेलं, नीट मोजलेलं काँक्रीट चालू शकतं. सर्वांत अवजड वाहन कुठलं येणार, हे आधी विचारलं की पुष्कळसा रस्ता वाचतो.

आता विकत घेण्याचा प्रश्न. स्वतःचं यंत्र असलं की कुणाची वाट पाहावी लागत नाही, उन्हाळ्यात दर चढले तरी चिंता नाही, काम संपलं की विकता येतं, असा युक्तिवाद केला जातो. हिशेब करून पाहू. समजा, नव्या जेसीबीला तीस लाख पडले आणि भाड्याचा दर ताशी बाराशे आहे. तीस लाखांत अडीच हजार तासांचं भाडं भागतं. रोज आठ तास चालवलं तरी तीनशेहून अधिक दिवस. दोन एकरांवरचं घर, तळं, रस्ता आणि चर मिळून यंत्राचे शंभर-दीडशे तासच होतात. जुनं यंत्र निम्म्या किमतीत मिळालं तरी हायड्रॉलिकचे पाइप, पंप, टायर आणि ऑपरेटरचा पगार तो फायदा खाऊन टाकतात. शिवाय ऑपरेटरचा हात ही काही वर्षांत मिळणारी विद्या आहे. उतारावर साडेसात टनांचं यंत्र शिकत शिकत चालवणं हा जिवाशी खेळ आहे. विकत घ्यायचंच असेल, तर जगवायच्या जमिनीसाठी घ्यावं: छोटा पॉवर टिलर, किंवा जमीन जास्त असेल तर वीस-पंचवीस अश्वशक्तीचा हलका ट्रॅक्टर. ही यंत्रं दरवर्षी, दर हंगामात लागतात, वजनाला कमी असतात आणि घरचं माणूस ती चालवू शकतं. खोदणारं यंत्र भाड्याचं आणि मशागतीचं घरचं, हा विभाग दोन एकरवाल्याला पुष्कळदा पुरतो. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून एकाच आठवड्यात यंत्र बोलावलं, तर आणण्या-नेण्याचा खर्चही वाटला जातो.

मालकीविरुद्धचं यापेक्षाही मोठं कारण पैशाचं नाही. हाताशी यंत्र असलं की त्याला साजेशी कामं सुचू लागतात. याचा पुरावा आपल्या राज्यानं मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. डिसेंबर २०१४मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचं काम अपेक्षित होतं. अनेक ठिकाणी भर राहिला तो नाल्यांच्या खोलीकरणावर, कारण ते यंत्रानं झपाट्यानं होतं, डोळ्यांना दिसतं आणि घनमीटरमध्ये मोजता येतं. माथ्यावरचे समतल चर, गवत, झाडोरा ही सावकाश कामं मागं राहिली, अशी टीका पाणी आणि भूजल यांच्या अभ्यासकांनी केली, आणि अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला. अभियानानं काहीच साधलं नाही, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की साधन हाती आलं की साध्य त्याच्याकडे झुकतं. राज्याच्या पातळीवर हे घडलं, तर एका कुटुंबाच्या दोन एकरांत ते आणखी सहज घडेल. यंत्र तासावर आणलेलं असलं, की प्रत्येक तासाला कामाचं कारण द्यावं लागतं, आणि ती शिस्त जमिनीच्या हिताची आहे.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप माणसांच्या बाजूनं येतो. हाताच्या कामाचं कौतुक करणं सोपं. पण जांभ्यात पहार मारणारे, डोक्यावर घमेली वाहणारे हात गरिबांचे होते आणि ते काम पाठ मोडणारं होतं. यंत्रानं त्यातून सुटका केली असेल, तर चारशे मनुष्यदिवस परत आणायचे का? मुळीच नाही. तळ्याची खोदाई यंत्रानंच व्हावी, हे वर म्हटलंच आहे. माझा मुद्दा कष्ट वाढवण्याचा नसून माती कमी हलवण्याचा आहे; जी माती हललीच नाही, तिच्यासाठी ना पाठ मोडते ना डिझेल जळतं. माणसाच्या हाताला जी कामं उरतात, गडगा रचणं, चिऱ्याची भिंत उभारणं, समतल चरांची नीट आखणी, रोपांचे खड्डे, ती कौशल्याची आहेत आणि त्यांना चांगली मजुरी द्यायला हवी. यंत्रावर वाचवलेले पैसे तिथं गेले, तर ते गावातच राहतात.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. छोटं यंत्र ताशी स्वस्त असलं तरी दर घनमीटरला महाग पडतं, आणि तीन-चार टनांचा मिनी पोकलेन तालुक्याच्या गावी मिळतोच असं नाही. हे दोन्ही खरं आहे. मात्र दर घनमीटरचा खर्च हे माप ठेकेदाराच्या सोयीचं आहे. राहणाऱ्यानं पूर्ण झालेल्या जागेचा खर्च पाहावा, ज्यात आधारभिंत, बसलेली भरणी, वाहून गेलेली माती आणि पुन्हा केलेला रस्ताही येतो. मिनी पोकलेन मिळत नसेल, तर जेसीबीच चालेल, फक्त वाट ठरवून, वाफसा पाहून आणि खुणांच्या आत. ऑपरेटरशी बोलणीही त्या दृष्टीनं व्हावीत. खुणांच्या बाहेरची माती हलवली तर तिचे पैसे नाहीत, आणि खुणांच्या आत नीट, सावकाश काम केलं तर वेळेचे पूर्ण पैसे, हे आधी स्पष्ट असलं की ऑपरेटरचं कौशल्य घाईऐवजी नेमकेपणात लागतं. हंगामाचंही भान हवं. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच यंत्र हवं असतं. त्या गर्दीत उतार कापला की सुटी माती थेट जूनच्या पावसाच्या तोंडी जाते. पाऊस ओसरल्यावर, वरची माती सुकली की नोव्हेंबर ते जानेवारीत खोदाई केली, तर भरणी बसवायला, गडगा रचायला आणि चरांवर वाळा लावायची तयारी करायला महिने मिळतात. माती-मुरूम काढणं गौण खनिजाच्या नियमांत येऊ शकतं, म्हणून आपल्या कामाला परवानगी लागते का, हे महसूल खात्याकडे आधी विचारून घ्यावं. ही प्रक्रिया अडथळा वाटली, तरी आराखडा पक्का करायला लावणारा तो आणखी एक थांबा आहे.

या सगळ्याचा निष्कर्ष यंत्रविरोधी नाही. उलट, ज्याला यंत्राची ताकद खरोखर समजली, तोच तिची जागा ठरवू शकतो. तळ्याला मोठं यंत्र, दोन दिवस. भरणीला रोलर आणि धीर. घराला उतार ओळखणारा आराखडा. बागेला हलकं, घरचं अवजार. आणि ओढ्याकाठच्या झाडीला कुठलंही नाही. ही वाटणी आधी कागदावर आणि मग फक्कीनं जमिनीवर उतरली, की कुठला जेसीबी, किती तासांसाठी, या प्रश्नाचं उत्तर तालुक्यातला कुणीही चांगला ऑपरेटर देऊ शकतो. त्याआधीचं उत्तर मात्र जमीन घेणाऱ्यानं स्वतः द्यायचं असतं: इथं पुढच्या पिढ्यांसाठी काय जिवंत राहायला हवं? स्वतःच्या जागेत राहायला जाण्याची खरी पात्रता या उत्तरातून येते. ते दिल्याशिवाय फाटक उघडून यंत्र आत घेण्याचा अधिकार कुणालाही नसावा.